पैलतीराला काम नसताना

"पैसं देऊन वल्हं मारायचं? आन् ते बी दुसऱ्याच्या नावंत?"

लेकीनं कोलाडच्या राफ्टिंगचं सांगितलं तेव्हा आबांनी विचारलेला हा प्रश्न. त्यांना उत्तर नकोच होतं. त्यांनी चंची उघडली, पान काढलं, देठ खुडला आणि चुना लावत बसले. लेक हसली. मी हसलो नाही, कारण प्रश्न मला होता.

आमच्या घरात वल्हं हा खेळ कधीच नव्हता. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचं गाव. आबा गावचे नावाडी, त्यांचे वडीलही नावाडी. अलीकडं वस्ती आणि पलीकडं हायस्कूल, आठवड्याचा बाजार, दवाखाना, शिवाय गावातल्या निम्म्या लोकांची रानं. त्यामुळं बाळंतीण असो, नवरी असो, शेळ्या असोत की खताची पोती, सगळं आबांच्या नावेतून जायचं. पैसे परगावच्या माणसानं द्यायचे. गावकऱ्यांचं बैतं असायचं, सुगीला घरटी दोन पायल्या शाळू आणि वर कडब्याच्या चार पेंढ्या. बैतं मागायला आबा खळ्यावर गेले की मालक आधी बैलांना पाणी दाखवायचा, मग आबांकडं वळायचा. मी पोतं धरून मागं उभा असायचो.

उन्हाळ्यात नाव काठावर ओढून पालथी घालायची. फळ्यांच्या फटीत सुताचा काथ्या ठासायचा आणि वर तेलात वितळवलेली राळ ओतायची. तो वास मला अजून कुठं रस्त्यावर डांबर शिजताना भेटतो आणि मी उगाचच थांबतो. बाकी नावेविषयी मला प्रेम होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मला तिचा हेवा होता. आबा घरात बोलत नसत तेवढे नावेत बोलायचे.

एकदा, सहा-सात वर्षांचा असेन, दुपारी घाटावर कुणी नव्हतं म्हणून मी म्हणालो, "आबा, मला एक चक्कर मारून आणा की."

"पैलतीराला काय काम हाय तुझं?"

"काय न्हाई."

"मग उतर."

इतकंच. नाव खेळायची वस्तू नाही, हे त्यांनी त्यापेक्षा जास्त शब्दांत कधी सांगितलं नाही.

मग आम्ही पोरांनी खेळ शोधला तो काहिलीत. गूळ शिजवायची लोखंडी काहील. गुऱ्हाळ संपलं की ती पडूनच असायची. पावसाळ्यात पाणी मळीत शिरलं की चार-पाच पोरं ती ढकलत न्यायची आणि आत बसायची. काहिलीला नाळ नाही, मागची बाजू नाही. डावीकडं हात मारला की उजवीकडं गिरकी घेते, उजवीकडं मारला की उलटी. पुढं म्हणून जातच नाही. सगळं रान, बांध, बाभळी, देवळाचा कळस डोळ्यांभोवती फिरत राहायचं आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. आबांनी पाहिलं त्या दिवशी ओल्या दोरानं मारलं. मारताना ते स्वतःच थरथरत होते, हे मला तेव्हा दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

पुढं मी हायस्कूलला गेलो. म्हणजे रोज आबांच्याच नावेतून जायला लागलो. इथं एक गोष्ट लिहायचीच आहे, ती टाळून पुढं जाता येत नाही. मी नावेत आबांच्या जवळ बसायचो नाही. पोरांच्या घोळक्यात, अगदी पुढं, नाळेपाशी. जणू मी कुणीतरी दुसराच. परगावहून येणारे एक मास्तर होते. ते नाणं आबांच्या हातावर कधी ठेवत नसत, नावेच्या तळात टाकत. तळात कायम घोटाभर गढूळ पाणी असायचं. आबा वाकून त्यात हात घालून नाणं शोधायचे. एकदा ते सापडेना. मास्तर उतरून गेले, पोरं उतरली, आबा अजून वाकलेलेच. नाणं माझ्या पायाजवळ होतं, मला दिसत होतं. मी उडी मारून उतरलो आणि शाळेत गेलो.

१९८४ साली पूल झाला. उद्घाटनाला आबांना फेटा बांधला आणि नारळ दिला. पुलानं गावाचं भलंच केलं, त्यात शंका नाही. रात्री-अपरात्री अडलेल्या बायका वाचल्या. आबा साखर कारखान्यावर वॉचमन झाले. नाव काठावर दोन पावसाळे कुजली, मग तिच्या फळ्या गोठ्यातल्या गव्हाणीला लागल्या. म्हसरं पुढची कितीतरी वर्षं नावेत जेवत होती म्हणा ना.

आबांना परत हाक आली ती पुरात. २००५ला ते सदुसष्ट वर्षांचे होते. काहिली बाहेर निघाल्या, दोन काहिली बांबूंनी एकमेकींना बांधून त्यांनी वरच्या गल्लीतली म्हातारी माणसं काढली. जोडकाहील गिरकी घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. लहानपणी कळतं तर मार वाचला नसता, पण खेळ बरा झाला असता. ऑगस्ट २०१९च्या पुरात मात्र ते माडीवर बसून होते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेल्याची बातमी आली, तसे ते दोन दिवस जेवले नाहीत. बायका होत्या, पोरं होती. "पुराच्या पाण्यात माणूस मोजून घ्यायचं असतंय," एवढंच म्हणाले. अंगावर जॅकेटं होती का, असं सारखं विचारत राहिले.

तर कोलाड. जानेवारी २०२२. लेकीच्या ऑफिसातली मंडळी आणि त्यांच्यात मी एकटा पांढऱ्या केसांचा.

पहाटे कुंडलिकेच्या काठावर पोचलो तर नदीत पाणीच नाही. म्हणजे होतं, गुडघाभर, दगडांमधून वाट काढत जाणारं. मी लेकीकडं पाहिलं. "थांबा हो, पाणी यायचंय," ती म्हणाली, जसं नळाचं पाणी यायचं असावं. आणि खरंच तसंच होतं. काठावरचा एक काळा दगड मी बघत होतो, तो बघता बघता निम्मा झाला, मग नुसती पाठ उरली, मग त्याच्या जागी पांढरा फेस. आवाज बदलला. ही नदी वीजघराच्या वेळापत्रकावर चालते. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण. तिथलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, १९२७पासून पडतंय, आणि वीज करून झाली की पुढं कुंडलिकेत येतं. डिसेंबर-जानेवारीत, कोकणातल्या इतर नद्या आटत आलेल्या असताना, इथं राफ्टिंग चालतं ते याच्यामुळं.

मी शाळेत इतिहास शिकवत आलो. मुळशी म्हटलं की सेनापती बापट आणि १९२१चा सत्याग्रह, हे पोरांकडून पाठ करून घेतलेलं. त्या धरणाखाली गेलेल्या गावांच्या पाण्यावर आपण हेल्मेट घालून नाचणार आहोत, हा विचार मनात आला आणि चिकटून बसला. दुसराही एक आला. मुळेचं पाणी धरणानं वळवलं नसतं तर भीमेत गेलं असतं, भीमा शेवटी आमच्या कृष्णेला मिळते. म्हणजे हे लांबच्या नात्यातलंच पाणी. (घरी आल्यावर आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमचं पानी पळवून तिकडं खेळ मांडलाय व्हय!")

वाटाड्या पोरगा जवळच्याच गावचा, पंचविशीचा. त्यानं आधी जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, एकेकाचे. मग सूचना. वल्ह्याच्या मुठीवरचा हात सोडायचा नाही, नाहीतर शेजारच्याचे दात जातात. पाय राफ्टच्या फुगलेल्या आडव्या नळीखाली अडकवायचा. आणि पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढं, प्रवाहाच्या दिशेनं. "उभं राहायचं नाय. कितीबी उथळ वाटला तरी. पाय दगडात अडकला की पाणी माणसाला वाकवतो."

मी चमकलो. हे वाक्य मी ऐकलेलं होतं. ओल्या दोराच्या माराबरोबर ऐकलेलं होतं.

राफ्टिंगचं वर्णन काय करायचं? "फॉरवर्ड" म्हटलं की सगळ्यांनी पुढं झुकून वल्हं मारायचं, "स्टॉप" म्हटलं की थांबायचं. पहिल्या खळाळात राफ्टचं तोंड खाली गेलं, गार पाण्याची भिंत अंगावर आली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो चोपन्न वर्षांच्या शिक्षकाचा नव्हता. मागून लेक ओरडली, "बाबा, हसताय तुम्ही!" हसत होतो. काहिलीतलं हसू होतं ते. पोटातून येणारं, कशाचं म्हणून सांगता न येणारं.

पण मला खरं लिहायचंय ते पुढच्या पाच मिनिटांविषयी.

एका मोठ्या दगडामागं वाटाड्यानं राफ्ट उभी केली. अशा दगडामागं पाणी उलटं, वरच्या अंगाला फिरतं. दोर नको, खुंट नको, राफ्ट आपोआप थांबते. आमच्यातल्या एकाचं वल्हं मघाशी हातून निसटून पलीकडच्या काठाला लागलं होतं. सोबतीला एक पोरगा कयाकमध्ये होता, एकट्यापुरती निमुळती होडी, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. तो वल्हं आणायला निघाला. मला वाटलं, आता प्रवाह याला खाली नेणार. पण त्यानं कयाकचं तोंड वरच्या अंगाला केलं, किंचित तिरपं धरलं आणि सावकाश हात मारू लागला. पाणी खाली ढकलतंय, तो वर जाऊ बघतोय, आणि दोघांच्या त्या ओढाताणीत होडी सरळ आडवी सरकत पलीकडं पोचली. हातभरही खाली गेली नाही.

आबा अगदी असंच करायचे. नाव आधी काठाकाठानं वर न्यायची, मग तोंड तिरपं धरून सोडायची, की ती नेमकी समोरच्या उंबराखाली लागायची. पाण्याशी भांडायचं नाही, त्याच्याच खांद्यावर बसून जायचं.

"याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"फेरी ग्लाइड, सर."

"फेरी म्हणजे?"

"ती नाय का, माणसं या काठावरून त्या काठावर नेणारी. नावाड्यांची रीत आहे ती जुनी. त्याच्यावरूनच नाव पडला."

राफ्टमध्ये नवी पोरंपोरी होती, इंजिनिअर सगळी. त्यांच्यासमोर मी मोठ्यानं म्हणालो, "माझे वडील नावाडी होते." कुणी विचारलं नव्हतं. एक जण "वॉव, सर" म्हणाला. वाटाड्या मात्र वळला आणि विचारता झाला, "कंच्या नदीला?"

पुढं पाणी संथ झालं तिथं सगळ्यांनी उड्या मारल्या. मीही मारली. जॅकेट माणसाला बुडू देत नाही, हे अंगाला पटायला थोडा वेळ लागतो. उताणा पडून आभाळ बघत वाहत गेलो. पन्नास वर्षं नदीकाठचा म्हणवतो, पण कामाशिवाय पाण्यात असा पडलेला कधीच नव्हतो.

फेब्रुवारीत लेक मैत्रिणीची हवेची कयाक घेऊन गावी आली. त्या दिवसांत बंधाऱ्याच्या फळ्या घातलेल्या असतात, कृष्णा तुडुंब आणि निवांत असते. घाटावर पंपानं हवा भरताना पोरं जमली. आबा काठी टेकत आले. चौऱ्याऐंशीवं वर्ष. कयाकला काठीनं टोचून पाहिलं.

"ही तर ट्रॅक्टरची ट्यूबच की गं."

बसा म्हटल्यावर नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी धोतर खोचलं. जॅकेट आम्ही सांगायच्या आधी मागून घेतलं आणि पट्टा नातीकडून दोनदा ओढून घेतला. मला म्हणाले, "तू फुडं बस. माघं माझी जागा."

दोन पात्यांचं वल्हं त्यांना मुळीच आवडलं नाही. "ह्ये काय, कावडीगत." मधला जोड त्यांनी चाचपला, बटण सापडलं, वल्ह्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातात न देता घाटावर टाकून दिला. अर्ध्या वल्ह्यानं, एकाच बाजूनं हात मारत त्यांनी होडी काढली. मी वाट बघत होतो, आता ही काहिलीसारखी गिरकी घेणार. नाही घेतली. प्रत्येक हाताच्या शेवटी ते पातं पाण्यात किंचित बाहेर ढकलत होते आणि होडी दोरी लावल्यासारखी सरळ चालली होती.

आबा बोलायला लागले. वाळू उपसून कुठं खड्डा पडलाय, कुठं पूर्वी उतार होता, कुठल्या साली कुणाची म्हैस वाहून गेली, कुणाची नवरी अर्ध्या नदीत रडायला लागली म्हणून त्यांनी नाव मध्येच थांबवली होती. मला त्या नाण्याचं सांगायचं होतं. मी दोनदा तोंड उघडलं. पण ते म्हशीवर होते, मग नवरीवर, आणि मला अडवावंसं वाटलं नाही.

उंबर अजून आहे. तिथवर गेलो. काठाला लागायच्या आधीच त्यांनी वल्हं पाण्यात धरलं आणि होडीचं तोंड वरच्या अंगाला वळवलं, पुलाकडं.

"उतरायचं न्हाई?" मी विचारलं.

"हितं काय काम हाय?"

"मग कुठं चाललोय?"

"तू गप बस की. हालू नगंस."

घाटावरून लेक हात हलवून ओरडत होती, जेवायला या म्हणून. आबांना एका कानानं कमी ऐकू येतं. मी काही सांगितलं नाही.