पहिली मागणी

पुरानी बस्तीत महामाया मंदिराच्या घंटेने आमचा दिवस उजाडतो. गल्लीत भेटेल तो ‘राम राम’ म्हणतो, आम्हीही म्हणतो. नाम इतके सवयीचे झाले की, एके दिवशी कचेरीत आम्ही ते खोटेपणास जामीन ठेवले. निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणाऱ्या एका वृद्धास म्हणालो, ‘देवाशपथ, कागद कालच वर गेला.’ कागद आमच्याच टेबलावर होता. देवाच्या नावावर विश्वासून म्हातारा हात जोडून गेला.

त्याच आठवड्यात नागपूरला जाताना राजनांदगाव लागले आणि रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. ते नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ताने शिकविलेली प्रार्थना त्याच प्रवचनात आहे. देवाचे नाव पवित्र मानले जावे, हा तिचा आरंभ आम्हां कारकुनांस अर्जाच्या मायन्यासारखा वाटे. परंतु मायना ‘पित्या’ या संबोधनातच संपतो. ही पहिली मागणी आहे. भाकरीची तिच्यामागून येते. शपथ मुळीच वाहू नये, असेही तेच प्रवचन बजावते. नावाचा मान साध्या होय-नाहीत राखावयाचा असतो.

परतताच तो कागद पुढे पाठविला आणि म्हाताऱ्यास खरे ते सांगितले. तो क्षणभर थांबला, ‘राम राम’ म्हणाला आणि निघाला. उलट ‘राम राम’ म्हणताना तो शब्द आम्हांस प्रथमच जड वाटला.