मुलांचा वाटा

साहाय्य घेणे आणि हात पसरणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. परंतु आपल्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांत ते अद्याप पुष्कळांच्या ध्यानी आलेले नाही. घरात खाणारी तोंडे पाच आणि मिळवते हात दोनच, अशी स्थिती असतानाही सरकारी योजनेचा अर्ज भरावयाचा म्हटले की, वडीलधाऱ्यांची मान खाली जाते. कष्टाच्या भाकरीचा हा अभिमान आम्हास परका नाही. आम्हीही तशाच घरात वाढलो. तथापि त्या अभिमानाची किंमत मुलांना मोजावी लागली म्हणजे त्याविषयी पुन्हा विचार करणे प्राप्त होते.

खानापूर तालुक्यातील आमच्या शेजारच्या घरचीच गोष्ट घ्या. घरधनी अकाली देवाघरी गेला. मागे वृद्ध सासू, सून आणि तीन मुले राहिली. कर्नाटक सरकारने २०२३ साली गृहलक्ष्मी योजना सुरू केली, तेव्हा रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या स्त्रीच्या खात्यात दरमहा २,००० रुपये जमा करावयाचे ठरले. या घरी कार्डावर सासूबाईंचे नाव होते. परंतु त्या अर्जावर अंगठा उठवावयास तयार होईनात. “आजवर कोणापुढे पदर पसरला नाही, आता म्हातारपणी पसरू काय?” हा त्यांचा प्रश्न. इकडे नववीतील थोरल्या नातीस शाळेतून काढून काजूच्या कारखान्यात धाडण्याची बोलणी सुरू झाली होती.

त्या आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास थोडे मागे जावे लागते. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले की, कामकऱ्याची मजुरी साधेपणाने निर्वाह होण्याइतकी असलीच पाहिजे. परंतु मजुरी कामाच्या मापाने मिळते, मुलांच्या संख्येने नव्हे. सड्या तरुणास जी पुरते तीच चार मुलांच्या बापास अपुरी पडते. ही अडचण ओळखून फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील कारखान्यात एमिल रोमाने या कॅथलिक अभियंत्याने १९१६ साली कामगारांना मुलांमागे वेगळा भत्ता सुरू करविला. पुढे १९३२ साली त्या देशाने तसा कायदाच केला.

ब्रिटनमध्ये एलिनॉर रॅथबोन यांनी या भत्त्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली. १९४५ च्या कायद्याच्या मूळ मसुद्यात ही रक्कम बापाची मानली होती. रॅथबोनबाईंनी कडाडून विरोध केला, तेव्हा ती आईची ठरली. १९४६ च्या ऑगस्टपासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक मुलामागे आठवड्यास ५ शिलिंग मिळू लागले. ते पाहावयास मात्र बाई हयात नव्हत्या. या साऱ्या इतिहासात भिकेची भाषा कोठेही नाही. मुले मोठी होऊन साऱ्या समाजाचाच भार वाहतात. म्हणून त्यांच्या लहानपणी समाजाच्या शिदोरीतून त्यांचा वाटा काढून ठेवावयाचा, एवढाच तिचा अर्थ.

आजीबाईंना आम्ही एवढेच म्हटले, “आजी, रेशनचा तांदूळ तुम्ही घेताच ना? साबणाची वडी घेताना करही भरता. मग नातवंडांचा वाटा तेवढा का सोडता?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या, दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन स्वतःच केंद्रावर गेल्या. दोन हजारांत घर चालत नाही, सून आजही मजुरीस जातेच. परंतु मुलगी शाळेत राहिली.

आपल्या देशात असे वाटे अनेक आहेत. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि सहा वर्षांखालील मुले यांच्यासाठी १९७५ पासून अंगणवाडी आहे. शाळेतील माध्यान्ह भोजन १९९५ साली सुरू झाले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पात्र मातेस पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपये मिळतात, आणि पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची तरतूद झाली. मध्य प्रदेशात २००७ साली लाडली लक्ष्मी, गोव्यात २०१२ साली गृह आधार, अशा राज्याराज्यांच्या योजनाही निघाल्या.

मात्र लाज सोडली तरी कागद आडवे येतात. पूर्वी चर्चच्या वहीतील बाप्तिस्म्याच्या नोंदीवर पुष्कळ कामे होत; त्यामुळे ग्रामपंचायतीतील जन्मनोंदीची आपल्या घरांत हेळसांड झाली. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत कळविल्यास ही नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशास जन्मदाखलाच प्रमाण धरला जातो. त्यातच घरी हाक मारावयाचे नाव एक, बाप्तिस्म्याचे दुसरे आणि शाळेतील तिसरे, असे झाले म्हणजे बँकेपर्यंत आलेली रक्कमही अडून राहते.

म्हणून, वाचकहो, आमची एक विनंती आहे. मूल जन्मले की बाप्तिस्म्याची तारीख ठरविण्याआधी जन्माची नोंद करावी आणि दोन्हीकडे अक्षरशः एकच नाव घालावे. ज्या घरी वाचणारे कोणी नाही, तेथे रविवारच्या मिस्सानंतर शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी अर्धा तास बसून अर्ज भरून द्यावा. आईचे खाते, रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले एका पिशवीत नीट ठेवावेत. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी ही पिशवी एकदा उघडून पाहावी.