आत्याकडची हार्डडिस्क

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हणजे आम्ही सगळे ०२५१ वाले. आमच्या घरांत इंटरनेट आलं ते टेलिफोनच्या तारेवरून. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड निघालं आणि वर्षा-दोन वर्षांत फोनशेजारच्या क्रोशाच्या रुमालावर मोडेम येऊन बसला. तारेला चिमुकला स्प्लिटर लावायचा. तो राहिला तर फोनवर नुसती खरखर. मग एकजण मोडेमपाशी, एकजण कॉम्प्युटरपाशी आणि आई स्वयंपाकघरातून विचारणार, "दिवा लागला का?" डीएसएलचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाऊनलोड फुकट, बाकीच्या वेळी मोजून-मापून. त्यामुळे आमची पिढी अभ्यासाला कधी उठली नाही, पण गाणी उतरवायला उठली. पहाटेची कर्जत लोकल गाठायला निघालेले बाबा दारात थबकायचे, "झोपला नाहीस की उठलास?"

ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना केबलवाल्यानं नेट दिलं. गच्च्यांवरून निळी-करडी वायर, पाण्याच्या टाकीखाली पत्र्याच्या पेटीत स्विच. त्या इमारतीची लाईट गेली की अख्ख्या आळीचं नेट गेलं, आणि भारनियमनाच्या दिवसांत लाईट जायचीच. वळवाची वीज कडाडली की आधी वायर उपटायची, मग वाळत घातलेले कपडे काढायचे. वायरीचं टोक आम्हीच बसवायचो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाढे विसरलो, हे नाही विसरलो. क्रिम्पिंगची पकड एकाच्या घरी असे आणि शिडी-इस्त्रीसारखी आळीभर फिरे. टोक बसलं की पुन्हा तोच प्रश्न, दिवा लागला का?

वस्तू निवडायचा मान आळीतल्या 'कॉम्प्युटरवाल्या' पोराचा. मोठी खरेदी लॅमिंग्टन रोडला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि परत येताना हार्डडिस्क मांडीवर. बिलासह घ्यायची की बिलाशिवाय, यावर घरात दोन तट. किरकोळ गोष्टींना मात्र उल्हासनगर. फाळणीनंतर लष्करी बराकींत येऊन राहिलेल्या सिंधी मंडळींनी तिथं काय बनवलं नाही ते विचारा. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सांगताना आम्ही हसायचो आणि राउटरचा अडॅप्टर जळला की तिथंच जायचो. दुकानदार जुना अडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचायचा. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर जास्त असले तरी चालतील. विज्ञानाच्या तासाला कळलं नव्हतं ते त्या काउंटरवर कळलं.

वायफाय आल्यावर राउटर ठेवायचा कुठे, हा प्रश्न. बहुतेक घरांत तो गोदरेजच्या कपाटावर चढला आणि लोखंडाआड आतल्या खोलीला पारखा झाला. खंडेनवमीला मात्र त्याच्या अँटेनाला झेंडूचं फूल ठरलेलं.

साठवणीचं वेड आम्हाला पुरानं लावलं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली, वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरात. तळमजल्यावरच्यांनी आधी सिलेंडर वर नेला, मग धान्याचे डबे. अल्बम राहिले. पाणी ओसरल्यावर पानं उघडली तर नवरा-नवरीचे चेहरे वरच्या प्लास्टिकला चिकटून निघत होते. कॉम्प्युटरचा डबा धुऊन पंख्याखाली ठेवला तरी उपयोग नव्हता. हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, गढूळ पाण्याला तेवढी वाट पुरली.

वाचले-सुरले फोटो मग स्कॅन झाले आणि सीडीवर गेले, वर मार्करनं 'ताई – लग्न – १'. त्या सीड्याही काही वर्षांत वाचेनाशा झाल्या, मग पाळी हार्डडिस्कची. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्डडिस्कचे कारखाने बुडाले आणि आपल्याकडे भाव कडाडले. दूरच्या देशातल्या पुराचा फटका आमच्याइतका कुणाला समजला नसेल.

२०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा आमच्या जिन्यातून सगळ्यांत आधी वर गेली ती पिशवीत बांधलेली हार्डडिस्क. सिलेंडर नंतर.

आता भाच्यानं दोन हार्डडिस्कची पेटी राउटरला जोडली आहे. एक बसली तरी दुसरीवर सगळं शाबूत. शिवाय एक प्रत घराबाहेर हवी, असं तो म्हणतो. ती अंबरनाथच्या आत्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, शालूच्या घडीत. भाचा तिला सांगत होता की हे सगळं क्लाउडवरही ठेवता येतं, महिन्याला थोडे पैसे भरायचे.

"आणि नाही भरले तर?" आत्यानं विचारलं.

"मग जागा संपली की नवीन फोटो चढत नाहीत."

"मी तुझ्याकडून कधी भाडं घेतलंय का?" म्हणत आत्यानं कपाटाला किल्ली लावली आणि वरण गरम करायला गेली.