नाव हेतूचे की चवीचे?

वर्गीकरण हा भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचा नित्याचा उद्योग. म्हणूनच घरी तयार केलेल्या बिअरच्या अमेरिकेतील स्पर्धांनी माझे कुतूहल जागवले. तेथील परीक्षक-प्रमाणन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत बिअरचे ३४ मुख्य वर्ग आहेत. आपली बाटली कोणत्या वर्गात पाठवायची, हे स्पर्धकानेच ठरवायचे असते. परीक्षकाला करणाऱ्याचे नाव कळत नाही. ठाऊक असतो तो वर्ग. ५० गुणांपैकी २० चवीचे, १२ गंधाचे. आणि ते देताना त्या वर्गाचे वर्णन प्रमाण मानले जाते.

समजा, पोर्टर करायला घेतली आणि भाजक्या धान्याचा कडवटपणा अपेक्षेहून ठळक उतरला. जाणता स्पर्धक तीच बिअर स्टाउट म्हणून पाठवतो. 'स्टाउट' हा शब्दही असाच सीमा ओलांडून आलेला आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये तीव्र पोर्टरला 'स्टाउट पोर्टर' म्हणत. पुढे विशेष्य गळाले आणि विशेषणच नाम झाले. अशा सीमेवर कृतीचा कागद नव्हे, जीभच निर्णय देते.

उत्तरपत्रिका तपासताना माझ्यासमोरही केवळ आसनक्रमांक असतो. 'कथा' असे शीर्षक देऊन लिहिलेला सुंदर ललित निबंध वाचताना मला हळहळ वाटते. कारण गुण कथेच्या निकषांवरच द्यावे लागतात. आपला हेतू सांगायला आपण तेथे नसता. म्हणून लेखनाला नाव देण्यापूर्वी ते एकदा परक्याच्या नजरेने वाचा. जे उतरले आहे, त्याचेच नाव द्या.