फैजपूरच्या कार्यास येणारे दूरदेशीचे वऱ्हाडी

पूर्वी वऱ्हाड निघे ते फार तर दोन-चार जिल्हे ओलांडून. आता एक मुलगा अमेरिकेत, दुसरा जर्मनीत, पुतणी सिंगापुरास, आणि कार्य मात्र आजोबांच्या इच्छेस मान देऊन फैजपुरास, असे प्रकार आमच्या खानदेशात वाढत चालले आहेत. हे योग्यच होय. परंतु घडते काय, तर ही मंडळी सातासमुद्रांपलीकडून येतात, भुसावळ स्थानकावर उतरतात, सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत छायाचित्रे काढवून घेतात आणि तिसऱ्या दिवशी आग्र्याचा ताजमहाल पाहण्यास निघून जातात. फैजपुरास काय पाहिले, असे कोणी पुसल्यास मांडव व वाजंत्री ह्यांपलीकडे त्यांस सांगता येत नाही. वडील माणसे आहेत तोवर हे येणे-जाणे आहे. ती गेल्यावर ह्या नातवंडांस इकडे येण्याचे दुसरे निमित्त उरत नाही, ही गोष्ट यजमानांनी ध्यानात घ्यावयास हवी. अहेराची यादी होते, पंगतीची होते. त्याच बैठकीत पाहुण्यांस काय दाखवावयाचे ह्याचीही यादी का होऊ नये?

वधूपित्यास हे काम सांगणे म्हणजे त्याचा छळ होय. प्रत्येक कुटुंबात एखादे मामा किंवा काका असे असतातच की, ज्यांस मांडवात कोणी काम सांगत नाही आणि ज्यांच्यापाशी गोष्टी पुष्कळ असतात. हे खाते त्यांच्याकडे द्यावे.

प्रथम अगदी हाताशी आहे ते दाखवावे. मांडवाच्या दारी बांधलेले केळीचे खांब पाहुण्यांनी पाहिलेले असतात. त्यांस सकाळी सात वाजता गावाबाहेरच्या बागेत न्यावे. यावल-रावेर हा टापू म्हणजे केळीचे माहेर. मृगात लावलेली ती मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली ती कांदेबाग, हा भेद शेतकऱ्याच्याच तोंडून ऐकवावा. जळगावच्या केळीस इ. स. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशातील दुकानांत एकेक फळ तोलून घेणाऱ्या मुलास झाडावरचा सबंध घड हाताने उचलावयास लावावा. मग त्यास ह्या प्रांताचे वजन कळेल. कार्य थंडीत असेल तर बागेतच बामणोदच्या वांग्यांचे भरीत करवावे. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव कार्यालयाच्या आचाऱ्यास साधत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे स्थळ असे की, तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, आणि म्हणूनच तेथे सांगणारा हवा. इ. स. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे पन्नासावे अधिवेशन ह्या फैजपुरात भरले. तोवर अशी अधिवेशने शहरांतूनच होत. खेड्यात भरलेले हे पहिले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी ह्यांनी ते यशस्वी करण्यासाठी खेडोपाडी पायपीट केली. अधिवेशनासाठी जे ‘टिळकनगर’ वसविले, त्याची सजावट महात्माजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस ह्यांनी केली; तीही बांबू, चटया अशा खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून. शेतकऱ्याचा सारा, खंड व कर्ज ह्यांसंबंधीचा जो कार्यक्रम देशाच्या इतिहासात ‘फैजपूरचा’ म्हणून ओळखला जातो, तो येथेच संमत झाला. बांबूचे नगर कार्य होताच उठले. लग्नाचा मांडव उठावा तसेच. राहिल्या त्या घरोघरच्या आठवणी. ज्या कुटुंबात त्या डिसेंबराच्या हकिगती पणजोबांपासून चालत आल्या असतील, त्यांच्या ओटीवर पाहुण्यांस तासभर बसवावे. धनाजी नानांचे नाव लेवून उभे असलेले महाविद्यालय गावात आहे, तेही जाता-येता दाखवावे.

तिसरा कार्यक्रम अर्ध्या दिवसाचा : चांगदेव. येथे तापी आणि पूर्णा ह्यांचा संगम आहे, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील काळ्या पाषाणाचे कोरीव मंदिर आहे. सकाळी लवकर गेल्यास संगमावर नावाडी भेटतात. चौदाशे वर्षांचा योगी म्हणून ज्याची ख्याती, त्या चांगदेवाने ज्ञानदेवांस कोरे पत्र पाठविले, उत्तरादाखल त्यास पासष्ट ओव्या मिळाल्या, आणि शेवटी त्याने गुरू केले ते कोवळ्या मुक्ताबाईस. ही कथा परदेशात वाढलेल्या मुलींस अवश्य सांगावी. त्या कान देऊन ऐकतात. मुक्ताबाई ज्या भूमीत विजेच्या लोळात अंतर्धान पावली असे परंपरा मानते, ते मेहूण-कोथळीचे क्षेत्र जवळच आहे. पूर्वीच्या एदलाबादेस आज मुक्ताईनगर म्हणतात ते तिच्याच नावावरून.

ह्यापुढे एक सबंध दिवस मोकळा असेल, तर माझ्या मते तो बऱ्हाणपुरास द्यावा. पुष्कळजण नाक मुरडतील : ‘ते तर मध्य प्रदेशात!’ सीमारेषा काल-परवाची आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर होती, हे विसरून खानदेश समजावयाचा नाही. रावेरवरून सडकेने दीड-दोन तासांत पोहोचता येते. ताजमहाल पाहण्यास उतावीळ झालेल्या पाहुण्यांस सांगावे की, त्या कथेचा आरंभ येथे आहे. मुमताजमहल इ. स. १६३१ मध्ये बाळंतपणात वारली ती बऱ्हाणपुरात. तापीच्या पलीकडे झैनाबादेस आहुखान्याच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि सुमारे सहा महिन्यांनी शव आग्र्यास नेले. बागेची अवस्था आज दीनवाणी आहे. तरी ताजमहालाच्या संगमरवरापुढे जी गोष्ट मनास भिडत नाही, ती ह्या ओसाड जागी भिडते.

शहराच्या बाहेर कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी पाझरणारे पाणी जमिनीखालील बोगद्यातून शहराकडे आणणाऱ्या विहिरींची ही माळ. अब्दुर्रहीम खानखानान ह्याच्या अमदानीत, इ. स. १६१५ च्या सुमारास, इराणी पद्धतीने हे काम झाले. पंप नाही, मोट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी चालते, आणि चारशे वर्षांनंतरही वाहते आहे. पाहुण्यांत कोणी अभियंता असल्यास (आजकाल प्रत्येक वऱ्हाडात दहा असतात) त्यास येथून हलविणे कठीण जाईल.

परंतु संस्कृताची आवड असलेल्यांस मी आधी नेईन ते जामा मशिदीत. आत अरबी शिलालेखाच्या जोडीस देवनागरी अक्षरांत संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. आरंभी सृष्टिकर्त्यास वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि मशीद बांधविणाऱ्या आदिलशहाचे नाव. काल शके १५११, म्हणजे इ. स. १५९०. संवत्सर, मास, तिथी असे आपल्या लग्नपत्रिकेत असावे तसे सारे पंचांग त्यात आहे. मशिदीत संस्कृत! पहिल्याने ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही. नमाजाची वेळ टाळून जावे, पादत्राणे बाहेर ठेवावी, स्त्रियांनी डोक्यावर पदर घ्यावा आणि तेथील वृद्ध सेवकास नम्रपणे विचारावे.

बाकीची स्थळे सवडीप्रमाणे. यावलास निंबाळकरांचा किल्ला व महर्षी व्यासांचे मंदिर आहे. गुरुपौर्णिमेस तेथे मोठी गर्दी लोटते. सातपुड्यात पाल थंडीच्या दिवसांत रम्य. मनुदेवीचा धबधबा पावसाळ्यातच पाहावा, आणि लग्ने तेव्हा नसतात. जळगावच्या वाटेवर बहिणाबाईंचे माहेर आसोदे लागते, आणि जळगावनजीक इ. स. २०१२ मध्ये उघडलेले गांधीतीर्थ आहे. तरुण मंडळींस ते आवडते. अजिंठ्याबद्दल काय लिहावे? जगभरची माणसे ज्यासाठी येतात ते पाहू नका, असे म्हणणार नाही. मात्र लेणी सोमवारी बंद असतात. शिवाय येथून जाण्या-येण्यात पाच तास मोडतात, म्हणून वृद्धांस घेऊन हळदीच्या आदल्या दिवशी हा खटाटोप करू नये. कार्य आटोपल्यावर स्वतंत्र दिवस काढावा.

वैशाखातील मुहूर्त असेल तर हे सारे बेत सकाळी दहाच्या आत उरकावे. पारा पंचेचाळिसावर जातो, आणि थंड हवेच्या देशांतून आलेल्यांस लू म्हणजे काय ते ठाऊक नसते. उपरणे डोक्यास गुंडाळावे, कैरीचे पन्हे बरोबर घ्यावे, दुपारी घरातच पडून राहावे. कार्यालयात पत्ते खेळण्यास त्या वेळी कोणाची हरकत नाही.

परतीच्या गाडीत केळी द्यावयाची झाल्यास पिकलेली देऊ नयेत. भुसावळ सुटताच काळी पडतात. थोडी हिरवट फणी केळीच्याच वाळल्या पानात गुंडाळून द्यावी, म्हणजे मुंबईच्या विमानतळापर्यंत खाण्याजोगी होते.