कळंबकडचे उघड्यावरचे गाणे

कळंब म्हटले की पुण्यामुंबईचा माणूस आधी विचारतो, "कोणते?" हे यवतमाळकडले चिंतामणीचे कळंब नव्हे, धाराशिव जिल्ह्यातले, मांजरेच्या काठचे. गावात पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारलेच, तर त्याला मी चैत्री पौर्णिमेला बोलावीन आणि तालुक्यातल्या येरमाळ्याला घेऊन जाईन.

येडेश्वरीच्या यात्रेत लोक रानातून चुनखडीचे खडे वेचतात, तो सोहळा पाहावाच. पण मला खिळवून ठेवले ते आराधिणींच्या गाण्याने. कपाळी मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, साथीला संबळ नि झांज. वय साठीपलीकडचे, आवाज मात्र त्या धुळीतून सरळ वर चढणारा.

"मावशी, गाणं कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात, बाबा? आई म्हणायची, म्या मागनं म्हणत गेले."

मला बालगंधर्व आठवले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग थांबला नाही. पुढे १९१३ साली स्वतःची गंधर्व मंडळी निघाली. भारी शालू, उंची अत्तरे आणि त्यामागोमाग कर्ज! मंडळी मोडली, उतारवयात पाय गेले; गळ्यातले भजन मात्र राहिले. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी जानेवारीत मॅरियन अँडरसन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रथम उभी राहिली, वयाच्या ५७व्या वर्षी! १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहाने वर्णावरून तिला दार बंद केले होते. तेव्हा ती लिंकनच्या स्मारकापुढे उघड्यावर गायली, आणि ऐकायला ७५,००० माणसे लोटली.

येरमाळ्याच्या मावशींपुढे आम्ही जेमतेम पंधरा-वीस जण होतो. त्यांनी परडी पुढे केली तेव्हा मी विचारले, "आता तुमच्या मागनं कोण म्हणतं?"

"लेक पुण्याला कंपनीत हाय. सुनंला लाज वाटती." कवड्यांची माळ सारखी करीत त्या म्हणाल्या, "नातीला आणलंय औंदा. ती काय, तिकडं पाळण्यात बसलीय."

मी पाळण्यांकडे पाहिले. संबळ पुन्हा वाजू लागला होता.