मीटर खराब आहे

माळशेज उतरून आलेला पिकअपवाला गाडीतून पाय खाली टाकतानाच सांगतो, ‘भाऊ, टेम्परेचरचं मीटर खराब झालंय.’ काटा लाल पट्टीत गेला तर दोष मीटरचाच, हे त्याने घाटातच ठरवलेलं असतं. साहजिक आहे. मीटर स्वस्त, इंजिन तापल्यावर जाणारं हेड गॅस्केट महाग.

माटुंग्याच्या बाजारात भाजी-फुलं उतरवणाऱ्या गाड्यांचं वायरिंग मी बघतो; पण अशा गाडीचं आधी पाणी बघतो, तेही इंजिन गार झाल्यावर. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांपुढे गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की तेच तोंडावर उडतं.

काट्याला तापमान कळवणारा इंजिनावरचा सेंडर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणी उतरलं की तो कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. ड्रायव्हर म्हणतो, गार झाली वाटतं! चढता काटा मला तितकी भीती नाही घालत. चढलेला काटा एकदम पडला, असा फोन आला की मी म्हणतो, आहेस तिथे इंजिन बंद कर.

पाणी बरोबर असेल तर वायर. जुन्या एकवायरी सेंडरची परीक्षा सोपी. चावी चालू ठेवून वायर काढली की काटा गार दाखवणाऱ्या ‘सी’कडे पडावा, तीच वायर इंजिनच्या लोखंडाला क्षणभर टेकवली की गरम दाखवणाऱ्या ‘एच’कडे धावावा. तसं झालं तर मीटर आणि वायर निर्दोष; सेंडर काढून गरम पाण्यात बुडवायचा आणि मल्टिमीटर लावायचा. तापेल तसा त्याचा रोध उतरला पाहिजे. तांब्याची तार तापली की रोध वाढतो, इथे उलटं. ही उलटी चाल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिली होती. सेंडरला अर्थ, म्हणजे अर्थिंग, मिळतो तो आट्यांतून. गळती नको म्हणून कोणी त्यावर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली असेल तर नवा सेंडरही मुका.

अर्थचं दुखणं आमच्याकडे पावसाळी. किंग्ज सर्कल, गांधी मार्केटला पाणी तुंबतं, गाड्या त्यातून जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो. हेडलाइट लावल्यावर काटा हलला तर मी मीटर उघडत नाही, पॉलिश पेपर घेतो.

नव्या गाड्यांत ही टेकवाटेकवी करायची नाही. सेन्सर कॉम्प्युटरला जोडलेला असतो. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर काट्याला मुद्दाम मधोमध धरून ठेवतो, थोड्याफार चढउताराचा पत्ताच लागू देत नाही. ड्रायव्हर निर्धास्त राहतो. मला ही असली शांतता आवडत नाही, मी स्कॅनर लावून अंश वाचतो.

काटा वर येतच नाही, अशीही तक्रार येते. तेव्हा बहुतेकदा इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट जागेवर नसतो. ‘मुंबईत कशाला लागतो?’ म्हणत मेकॅनिकने कधीच काढून फेकलेला. मग इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल जास्त पितं, झिजतंही लवकर. झीज कोणाला पटत नाही. डिझेलचं सांगितलं की लगेच विचारतात, ‘केवढ्याला येतो तो?’